लिंबाजीअण्णांचे थांबे

लिंबाजीअण्णांना घरापासून दूध डेअरीपर्यंत पोचायला अर्धा तास लागायचा. रस्ता एवढासा. मी माझ्या चालीनं तीन-चार मिनिटांत जायची. पण अण्णांचे थांबे ठरलेले. पहिला शिंप्याच्या दुकानापाशी. मशीनवर कुणाची चोळी आहे, कुणाचा पायजमा आहे, सगळी चौकशी व्हायची. दुसरा हापशापाशी. पाणी किती दांडे मारल्यावर येतं ते बायकांना विचारायचं आणि मान हलवायची. तिसरा एस.टी.च्या पाटीपाशी. गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, तरी पाटी वरपासून खालपर्यंत वाचायचे. चौथा माझ्या उपकेंद्राच्या ओट्यापाशी. ओट्यावर एक पाय टेकून बिडी पेटवायचे आणि विचारायचे, आज किती लेकरं वजनाला आली. मी आकडा सांगितला की समाधान व्हायचं. मग डेअरी.

गाव म्हणायचं, अण्णाला माणसं लागतात, माणसांशिवाय करमत नाही. मीही तेच म्हणायची. चांगली चार वर्षं म्हणत होते, आणि तेही नर्सबाई असून! हे लिहितानासुद्धा स्वतःचा राग येतो.

गाव वाशी तालुक्याच्या बाजूचं, तेरखेड्याहून बैलगाडीनं दोन तासांवर. मी तिथं नर्स म्हणून गेले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून बरीच वर्षं झाली होती, पण लोक अजून त्याच्याच गोष्टी सांगायचे, आणि पाऊस काही त्या गोष्टी विसरू देत नव्हता. जमिनी कोरडवाहू. बँकेनं कर्जावर म्हशी दिल्या, दुधाची सहकारी सोसायटी निघाली, आणि गावाला सकाळ-संध्याकाळ घड्याळ मिळालं. कॅन वाजला की सगळे किटल्या घेऊन डेअरीकडे. अण्णा त्या डेअरीचे टेस्टर. दुधात फॅट किती, हे सांगायचं काम त्यांचं. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, पांढऱ्या टोपीचा माणूस. दुष्काळात खडी फोडायला गेलेले, तिथं उडालेल्या दगडाच्या चिपेची खूण भुवईवर होती. निजामाच्या राज्यात सातवी पास झालेले, तेही उर्दूतून. त्यामुळं बोलणं आपल्या गावचं, पण मोजणी सगळी उर्दूत. रीडिंग घेताना पुटपुटायचे, "साढेपाँच... पौने छे..." मग वहीत मराठी आकडा लिहायचे.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. प्रत्येकाच्या दुधातून एक छोटं माप काढून घ्यायचं. त्यातलं थोडंसं काचेच्या नळीत, वर ॲसिड, मग नळ्या यंत्रात बसवून दांडी फिरवायची. फिरून आल्यावर नळीच्या मानेत पिवळी रेघ वर आलेली असायची. ती फॅट. अण्णा नळी उजेडाकडे धरायचे, डावा डोळा मिटायचे, श्वास रोखायचे. त्या वेळी डेअरीत कुणी खोकतसुद्धा नसे.

एकदा सोसायटीच्या चेअरमनचंच दूध पातळ निघालं. गावात त्यांना तात्या म्हणायचे, पंचवीस एकरांचे धनी. तात्या म्हणाले, यंत्र बिघडलंय. अण्णांनी वाद घातला नाही. नवीन नळी भरली, दांडी तात्यांच्याच हातात दिली, फिरवून घेतली, आणि नळी तात्यांच्या डोळ्यापुढं धरून म्हणाले, "तात्या, एक डोळा मिटा आन् तुमीच सांगा." तात्यांनी सांगितलं. सगळ्या रांगेसमोर स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून तात्यांच्या घरच्या दुधाची फॅट आपोआप वर आली. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि यंत्राबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

पण मला अण्णा आवडायला लागले ते वेगळ्या कारणानं. डेअरी आली आणि घरातलं दूध संपलं. शेवटचा थेंबसुद्धा किटलीत. लेकरांना कोरा चहा. घरचं लोणी-तूप गेलं, त्या जागी सणावाराला वनस्पती तुपाचा डबा आला. माझ्या वजनाच्या काट्यावर हे सगळं दिसत होतं, पण सांगणार कुणाला? म्हैस विकून लेकराला दूध पाजा म्हणू का?

टेस्टसाठी काढलेल्या दुधातलं नळीत जाऊन जे उरायचं, ते कमिटीनं टेस्टरला म्हणून सोडलेलं होतं. सगळ्या गावाचं थेंब थेंब जमून पातेलंभर व्हायचं. अण्णा डेअरीच्या मागं तीन दगडांची चूल मांडून ते तापवायचे. तापलं की निवू द्यायचे. वर जाड साय धरायची. ती साय काढून पितळी वाटीत घ्यायचे आणि दूध शाळेला जाणाऱ्या लेकरांना जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यातून द्यायचे. "साय माझी, दूध लेकरांचं. वाटणी झाली," म्हणायचे. ती वाटी ते इतकी सावकाश खायचे की बघणाऱ्याला भूक लागावी. जन्मभर कण्या खाल्लेला माणूस. साय म्हणजे त्यांचा दसरा, आणि तो रोज यायचा.

आमच्या बौद्ध वस्तीतली लेकरंही त्याच रांगेत असायची. मी भूमकडची, पण मीही त्याच समाजातली, म्हणून माझं लक्ष. पहिल्या आठवड्यात एकानं नाक मुरडलं, पेले तरी निराळे ठेवा म्हणाला. अण्णा पातेलं ढवळत होते. मान वर न करता म्हणाले, "ह्यात त्यांच्याबी म्हशीचं दूध हाय आन् तुमच्याबी. कुनाचं कुठलं ते हुडकून द्या, मग पेले निराळे करू." तो माणूस गेला. पेले तेच राहिले.

एकदा मी दूरच्या वस्तीवर बाळंतिणीला बघायला निघाले होते. पुढं माळावरून अण्णा शेताकडं चाललेले. मध्येच थांबले. बाभळीला हात लावून उभे. थोड्या वेळानं निघाले, पुन्हा थांबले. या वेळी जवळ झाडही नव्हतं. त्या उघड्या माळावर शिंपी नव्हता, पाटी नव्हती, चिटपाखरू नव्हतं. मी जवळ गेले तर वाकून वहाणेशी काहीतरी करत होते.

"अण्णा, इथं कुणाशी बोलताय?"

सावली बघत होतो म्हणाले. भर माळावर कसली सावली! मी हटून बसले तेव्हा हळूच म्हणाले, "पोटरीत कळ भरती बाई. उभं ऱ्हायलं की जाती. सत्तर पावलं. सत्तरला बरोबर येती. शिंप्याचं दुकान घरापसून सत्तरवर हाय."

चार वर्षं हा माणूस माझ्या ओट्यावर पाय टेकून लेकरांचे आकडे विचारत होता आणि तेवढ्या वेळात पोटरीतली कळ ओसरायची वाट बघत होता. लोकांनी लंगडा टेस्टर म्हणू नये म्हणून गप्पांचं सोंग. आणि मी त्या गप्पांवर खूश!

उपकेंद्रात आणून निजवलं. डावं पाऊल थंडगार. पावलावरचा ठोका माझ्या बोटांना लागेना. उजव्याचा लागला, पण बारीक. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना सोलापूरला घेऊन गेले.

तिथले डॉक्टर वयस्कर होते, घाईत नव्हते. त्यांनी अण्णांना विचारलं, बोअरचं पाणी येणाऱ्या नळाची तोटी कधी उघडून पाहिलीय का? आत पांढरा खार धरतो, पाणी बारीक होतं. तुमच्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून तशा झाल्यात, कडक आणि अरुंद. बिडी बंद, साय बंद, वनस्पती तूप बंद. आणि रोज चालायचं. कळ आली की थांबायचं, गेली की पुन्हा चालायचं. अण्णांनी एकच विचारलं, की पाय राहील ना. डॉक्टर म्हणाले, ऐकलंत तर राहील. डेअरीत खुर्चीवर बसून दांडी फिरवता येईल, पण तिथवर चालत यायला पाय लागतो, असं अण्णा परतीच्या गाडीत म्हणाले. आपण नसलो तर दुसरा टेस्टर ते दूध घरी नेणार, हीही धास्ती होती. तुळजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिशातला बिडीबंडल काढून सीटवर ठेवला आणि उतरताना उचलला नाही.

आणि खरंच ऐकलं. बिडी सुटली ती सुटली. साय पातेल्यातच ढवळून लेकरांना जायला लागली. घरात सोजरकाकूंनी, म्हणजे त्यांच्या मालकिणीनं, वनस्पतीचा डबा जावेला देऊन टाकला. अण्णा रोज सकाळी रस्त्यानं चालायचे आणि ओट्यापाशी येऊन मला पावलांचं रीडिंग द्यायचे, "नब्बे." मग "एक सौ दस." चार महिन्यांत एकशे चाळीसवर गेले. शिंप्याच्या दुकानापाशी थांबेनात, तर शिंपी माझ्याकडं आला. म्हणाला, माझं काय चुकलं? अण्णा बोलत न्हाईत. मी पोट धरून हसले. ते दिवस फार चांगले गेले.

मग त्यांचा भाचा आला. सोलापुरात औषधाच्या एजंटचं काम करायचा. मामासाठी गोळ्यांचा डबा घेऊन आला. मधाच्या रंगाच्या, आरपार दिसणाऱ्या, सुबक गोळ्या. त्यानं मामाला समजावलं, लोखंडाला हवेनं गंज चढतो तसा रक्तातल्या चरबीला आतून चढतो, तोच नळ्यांना धरतो. ही गोळी गंज चढू देत नाही. अण्णा डबा घेऊन थेट माझ्याकडं आले. घ्यावी का, आणि घ्यावी तर कशी?

मी डबा फिरवून वाचला. ई जीवनसत्त्व. आता खरं तर मी म्हणायला हवं होतं, डॉक्टरांना विचारू. पण ट्रेनिंगमध्ये हा धडा मला पाठ होता, लेकरांना अ जीवनसत्त्वाचा डोस देताना रोज वापरात होता, आणि कुणीतरी मला विचारतंय याचा मला मोठेपणा वाटला. मी ऐटीत सांगितलं, घ्या, अपाय काही नाही. "फक्त कोरडी घेऊ नका. ही स्निग्धात विरघळणारी. तेला-तुपाच्या घासाबरोबर घेतली तरच अंगी लागते." अण्णांनी मान डोलावली. जेवणात भाजीला करडईचं चमचाभर तेल असतंच, तेवढं पुरे, हे पुढचं वाक्य मी बोललेच नाही. मला वाटलं, ते कळण्यासारखं आहे.

पावसाळा कोरडा गेला. हिवाळ्यात अण्णांचं रीडिंग उतरायला लागलं. एकशे वीस. शंभर. नव्वद. मी विचारायची, बिडी? शपथ घेऊन नाही म्हणायचे आणि ते खरं होतं. वनस्पती? सोजरकाकू नाही म्हणायच्या, तेही खरं होतं. मी म्हणायची, थंडीमुळं असेल. शिंप्याशी पुन्हा गप्पा सुरू झाल्या. शिंपी खुशीत.

मग डाव्या अंगठ्याला वहाण चावली. जखम एवढीशी, पण भरेना. कडा काळवंडल्या. मी रोज ड्रेसिंग करायची. एका सकाळी ते ओट्यावर आले नाहीत म्हणून मीच सामान घेऊन डेअरीच्या मागं गेले. लेकरं दूध पिऊन गेली होती. अण्णा दगडावर बसलेले. त्यांनी डब्यातून एक गोळी काढली, उजेडाकडे धरून बघितली, अगदी नळी बघतात तशी, जिभेवर ठेवली आणि शेजारची पितळी वाटी उचलली. वाटीत काठोकाठ साय होती.

मी विचारलं, हे काय?

ते इतके निरागस हसले. "तुमच्या शब्दाबाहेर न्हाय गेलो बाई. येक गोळीबी कोरडी घेतली न्हाय."

मग सगळं सांगितलं. आधी रोज एक गोळी, एक चमचा साय. पावलं कमी व्हायला लागली तशा दोन गोळ्या, आता तीन. प्रत्येकीला वाटी. पूर्वी जिभेसाठी खात होतो, म्हणाले, आता औषध म्हणून खातो. एवढी चव लागत नाही आता. मी तिथून कशी परतले मला आठवत नाही. उपकेंद्रात येऊन दार लावून घेतलं आणि रडले.

सोलापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. मी त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं. ते म्हणाले, तीस वर्षांची बिडी आहे ही, चार-पाच महिन्यांची साय नव्हे. कदाचित असंही झालं असतं, तसंही झालं असतं. आणि त्या गोळीनं आजवर कुणाची नळी मोकळी झालेली मी तरी पाहिली नाही. त्यांनी मला सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण एकशे चाळीसचा आकडा मी स्वतःच्या कानानं ऐकलेला होता.

अण्णा घरी आल्यावर आठ दिवस मी गेलेच नाही. भेकड म्हणा. सोजरकाकूंनी निरोप धाडला तेव्हा गेले. ते बाजेवर बसलेले, धोतराचा एक भाग दुमडून खाली दाबलेला. मी म्हणाले, अण्णा, चूक माझी. सगळं सांगितलं, न बोललेलं वाक्यसुद्धा. मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या बाई, नशीब. सगळे तेच म्हणत होते. अण्णा म्हणाले नाहीत. माझ्याकडं बघितलं. एक डोळा थोडा मिटला होता.

"बाई, आर्दं रीडिंग देऊ ने कुनाला. कदीच," ते म्हणाले. मग उजव्या पायावर हात ठेवला. "आता ह्याचं पुरं सांगा."

मी पुरं सांगितलं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, करडईचं तेल चमच्यानं मोजून, साय नाही, गोळी नाही, कुबड्या घेऊन रोज चालणं, पाऊल रोज धुऊन कोरडं करणं, नखाएवढी जखम झाली तरी मला दाखवणं. सांगून झाल्यावर, मी न सांगताच, त्यांनी ते सगळं स्वतः परत म्हणून दाखवलं. तेव्हापासून आजपर्यंत मी कुणालाही औषध सांगितलं की ते परत म्हणून घेते आणि कशाबरोबर घेणार तेही विचारते. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

कमिटीनं त्यांना काढलं नाही. तात्यांनीच अडवलं. म्हणाले, डोळा मिटायला पाय लागत नाही. सकाळी बैलगाडीतून यायचे, लोखंडी खुर्चीत बसून दांडी फिरवायचे. लेकरांचं दूध चालू राहिलं. चालण्याचं काय चाललंय ते मात्र मला सांगेनात. विचारलं की म्हणायचे, यंत्र तापलं न्हाय अजून. मीही पूर्वीसारखं हट्टानं विचारायची नाही. मला तो हक्क राहिलाय असं वाटत नव्हतं.

दीड वर्षानं माझी परंड्याकडं बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. मी एक पिशवी घेऊन एस.टी.च्या पाटीपाशी उभी होते. बायका भेटून गेल्या, लेकरं हात हलवून शाळेत गेली. अण्णा आले नव्हते. गाडी वाशीहून यायची वेळ झाली आणि मला समोरून कुबड्यांचा आवाज आला. अण्णा येत होते, आपल्या घराकडून, एकटे. बैलगाडी नाही, धरायला कुणी नाही. शिंपी मशीनवरून उठून बाहेर आला, स्टूल पुढं केलं. अण्णांनी मान हलवली आणि पुढं आले. हापशावरच्या बायका घागरी ठेवून बाजूला झाल्या. तिथंही थांबले नाहीत. माझे डोळे भरून आले आणि पुढचं मला नीट दिसेना.

पाटीपाशी येऊन उभे राहिले. घामानं टोपीची कड भिजली होती. धाप ओसरू दिली. मग विचारलं, "मोजली का?"

हो म्हणणं किती सोपं होतं! पण त्यांच्यासमोर खोटं रीडिंग द्यायची हिंमत माझ्यात नव्हती. "नाही मोजली अण्णा. रडत होते."

"मग आता मोजा," म्हणाले, आणि कुबड्या फिरवून परत निघाले.

तेवढ्यात गाडी आली. कंडक्टर ओरडला, मी चढले आणि मागच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही. कुबड्या पुढं, पाय पुढं. कुबड्या पुढं, पाय पुढं. मी मोजत होते. हापसा गेला. सत्तर गेले. शिंप्यानं पुन्हा स्टूल पुढं केलं, ते तसंच राहिलं. गाडी वळणाला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उर्दूत मोजतेय.

एक सौ बारा. मग बाभळी आड आल्या. ते अजून चालतच होते.